रोवणीतला माणूस

शामकला आत्याच्या तोंडून कुठल्या मुलाबद्दल ‘हुशार’ हा शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही. ‘मठ्ठ’ तर नाहीच नाही. एखाद्या बापाने विचारलं, “बाई, आमचा पोरगा कसा आहे?” तर ती सांगते, “पाटी पुसताना आधी कोपरे पुसतो. गणित अडलं तर शेजाऱ्याकडे पाहत नाही, छताकडे पाहतो.” बापाला यातून काही बोध होत नाही. तो पुन्हा विचारतो, “ते ठीक आहे, पन हुशार आहे का नाही?” आत्या म्हणते, “मी पाह्यलं ते सांगितलं. आता तुम्ही पाहा.”

टोल्यावरच्या, म्हणजे तिच्या वाडीतल्या लोकांना ही तिची खोड वाटते. मला मात्र ठाऊक आहे की हे तिने रीतसर शिकून घेतलेलं आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. गोंदियाला सातवी झाली, नागपूरच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकी शिकली आणि दवनीवाड्याच्या पुढे, बैलगाडीच्या वाटेवर लागणाऱ्या एका लहानशा टोल्यावर केवळराम फुंडे यांच्या घरी नांदायला आली. घरची धानाची शेती होती. तिचा सारा कारभार सासूबाई, धुरपताबाई, यांच्या हाती. सुनेने नोकरी करावी याला त्यांची हरकत नव्हती. फक्त रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत शाळा कशाला भरवतात, हे कोडं त्यांना कधी सुटलं नाही. टोल्यावर जनपद सभेची प्राथमिक शाळा होती. तिथे दुलीचंद गुरुजी मुख्याध्यापक होते आणि पहिलीचा वर्ग आत्याकडे होता.

१९५५ च्या उन्हाळ्यात गोंदियाला शिक्षकांसाठी एक वर्ग भरला. तेव्हा आपला भाग मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. नागपूरच्या एका ट्रेनिंग कॉलेजातून प्रेमिलाबाई नावाच्या प्राध्यापिका आल्या होत्या. मानसशास्त्र हा त्यांचा विषय. मुलं कशी वागतात, कशी विचार करतात, हे मोजायच्या रीती त्या शिकवणार होत्या.

आम्हाला तंत्रनिकेतनात पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की मोजण्याआधी यंत्राचा शून्य तपासा. काटा शून्यावर नसेल तर पुढचं प्रत्येक माप तेवढंच चुकतं. लोखंडाच्या जाडीसाठी पट्टी असते, विजेच्या दाबासाठी काटा असतो. पण माणसाचं वागणं मोजायलाही पट्ट्या आहेत आणि त्याही तितक्याच जपून वापराव्या लागतात, हे मला आत्याकडून कळलं.

पहिल्या दिवशी प्रेमिलाबाईंनी दोन-दोन शिक्षकांना एकेक मूल दिलं. सुट्टीत जमवलेली ती मुलं खेळत होती. दोघांनी वेगवेगळं बसून एकाच मुलाकडे पाहायचं आणि लिहायचं. मग दोघांचं लिहिलेलं जुळतं का, ते तपासायचं. आत्याच्या जोडीला नवेगाव बांधचे चुन्नीलाल गुरुजी होते. ते पिकल्या मिशांचे, सगळ्या वर्गात वयाने वडील. त्यांनी झरझर लिहून दिलं, ‘मुलगा आळशी. बापाला दारूचं व्यसन असावं.’

प्रेमिलाबाईंनी चष्मा सारखा केला. “गुरुजी, याचा बाप खिडकीत उभा होता का?”

“नाही जी.”

“मग तो तुम्हाला दिसला कसा?”

“अनुभव आहे ना बाई! तीस वर्षं पोरं पाहतो.”

“तीस वर्षं तुम्ही पोरांचे बाप पाहिलेत. आता पोराकडे पाहा. तो काय करत होता?”

चुन्नीलाल गुरुजींनी मिशीवरून हात फिरवला. “खाली बसला होता. मुंगळ्याले काडी लावून राहिला होता.”

“हे लिहा. हे दिसलं. आळशी हे तुमचं मत.”

सगळा वर्ग हसला आणि सगळ्यांत मोठ्याने चुन्नीलाल गुरुजीच हसले. आत्याला हे इतकं आवडलं, की ते तिच्या बोलण्यातच उतरलं.

पुढे त्यांना एक चाचणी शिकवली. तिला लिहिता-वाचता यायची गरज नव्हती, बोलायचीही नव्हती. मुलाला कोरा कागद द्यायचा आणि छापील वाक्य वाचायचं: ‘या कागदावर एका माणसाचे चित्र काढा. जितके चांगले काढता येईल तितके काढा.’ एवढंच. मूल जे काढेल त्याला गुण द्यायचे. चित्र सुंदर आहे की नाही याचे नव्हेत. माणसाचे कोणते भाग मुलाच्या ध्यानात आहेत याचे. डोकं असेल तर गुण. मान असेल तर गुण. डोळे, डोळ्यांत बुबुळं, हात, हाताला बोटं, बोटं बरोबर पाच, असं चढत जायचं. सगळ्यांची बेरीज केली की मुलाची समज कोणत्या वयाची आहे याचा अंदाज येतो. अट एकच, पण कडक. वाक्याबाहेर एक शब्द बोलायचा नाही. ‘डोळे राहिले का गं?’ असं नुसतं म्हटलं तरी माप बिघडलं.

पावसाळ्यात प्रत्येकाने आपापल्या शाळेत ही चाचणी घ्यायची होती आणि प्रेमिलाबाई गावोगाव फिरून कागद नेणार होत्या.

इथे वच्छला येते.

वच्छला ही रुख्माची मुलगी. रुख्मा मजुरीला जायची, वच्छलाचा बाप गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये पोती वाहायचा. पोरगी आठ वर्षांची झाली तरी पहिलीतच होती, आणि शाळेत ती बोलत नसे. म्हणजे अजिबात नाही. हजेरीला हात वर करायची, पाटीवर जे सांगितलं ते कधी काढायची, कधी नाही. बाराखडी म्हण म्हटलं की पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभी राहायची.

दुलीचंद गुरुजी गोंदिया शहरात वाढलेले होते. त्यांची मराठी अर्धी हिंदीतून यायची. ते काही वाईट नव्हते, पण पहिलीच्या खोलीत मुलं मावत नव्हती.

“शामकलाबाई, ये लडकी अब बस झाली. टाटपट्टीवर एका पोराची जागा अडवून बसली आहे. तिच्या मायले सांगून द्या, घरी ठेव म्हना. लहान भाऊ आहे, त्याले सांभाळेल.”

“गुरुजी, ती बोलत नाही एवढंच आपल्याला दिसलं.”

“बोलत नाही, लिहीत नाही, मग राहिलं काय?”

“ते पाहायचंय. न बोलता, न लिहिता द्यायची चाचणी आहे माझ्याजवळ. ती होऊ द्या. समज वयाप्रमाणे निघाली तर दुसरीत घ्या. नाही निघाली तर मी स्वतः रुख्माला सांगेन.”

दुलीचंद गुरुजी मान डोलवत म्हणाले, “पक्का?”

“पक्का.”

रुख्मानेही ऐकून घेतलं. “तुमी म्हनाल तसं, बाई. पन एक सांगून ठेवतो. घरी बसवाची असन तं रोवन्यातच सांगा. लेकराले पाहाले कोनी नाही. मी त्याले बांधावर ठेवतो अना रोवतो.”

म्हणजे आत्याने आपल्याच हाताने त्या पोरीची शाळा त्या एका कागदावर ठेवली. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा शब्द देऊन झाला होता.

श्रावणात चाचणी झाली. आत्याने वाक्य वाचलं, जसंच्या तसं. मुलं कामाला लागली. कोणी टोपीवाला बाबू काढला, कोणी पोलीस. एकाने रेल्वेचा गार्ड काढला आणि हातातल्या झेंडीला माणसापेक्षा मोठी केली. वच्छला कागदावर ओणवी होऊन बराच वेळ काढत राहिली. आत्याने कागद गोळा केले आणि वच्छलाचा कागद उलटासुलटा धरून पाहिला.

कागदावर एक मोठा, गोल, पाठीसारखा आकार होता. त्यावर पानांसारख्या रेघा. डोकं नाही. मान नाही. डोळे, नाक, तोंड काही नाही. खाली चार आखूड दांड्या, त्याही अर्ध्यावर तुटलेल्या. आजूबाजूला लहान लहान उभ्या काड्या, सगळ्या एका बाजूला झुकलेल्या, ओळीने, आणि तळाशी एक आडवी रेघ.

नियमाप्रमाणे आकृती कळली नाही तर एक प्रश्न विचारता येत होता. आत्याने विचारला, “हे काय आहे? मला सांग.”

वच्छला पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागली.

दुलीचंद गुरुजी मागून डोकावले. “कासव आहे, बाई.”

“माणूस काढायला सांगितला होता.”

“हां, तो आपन सांगितला. तिनं कासव काढलं. देखो, पाठ, चार पाय, आजूबाजूला गवत. एकदम बढिया कासव.”

आत्याला थोडं हायसं वाटलं, कारण सूचनांच्या पुस्तकात एक कलम होतं. मुलाने माणूस सोडून दुसरंच काही काढलं असेल, किंवा आकृती अर्धीच काढली असेल, तर तो कागद बाजूला ठेवावा आणि नवा कागद द्यावा. सूचना तीच. कासव म्हणजे दुसरंच काही. प्रेमिलाबाई आल्या की त्यांच्यासमोर नवा कागद द्यायचा, असं ठरवून ती घरी गेली.

घरी वेगळीच धांदल होती. रोवणी रंगात आली होती आणि साऱ्या टोल्याला मजूर पुरत नव्हते. आत्या चुलीशी भात उपसत होती. ओसरीवर धुरपताबाई मुलाची झडती घेत होत्या.

“केवळ्या, उद्याले मानूस किती हाय?”

“पाच.”

“पाचात मोठी बांधी रोवून होते का रे? आजच दोन मानसं कमी पडले. ते रुख्मा येते का नाही?”

“येतो म्हनाली.”

“येतो म्हनाली! मागच्या खेपेले बी येतो म्हनाली अना गेली पटलाच्या वावरात. तिच्यासारका मानूस नाही पन टोल्यात. दोघींचं एकटी रोवते.”

आत्याच्या हातातला झारा भातातच राहिला. त्या घरात, त्या महिन्यात, ‘माणूस’ म्हणजे काय? बाबू नव्हे, पोलीस नव्हे. माणूस म्हणजे रोवणीला आलेला हात. मग ती बाई असो की बाप्या. मानूस भेटला का, मानूस कमी पडला, तुमच्याकडचा मानूस आमच्याकडे पाठवा. श्रावणात टोल्यावरचं पोर हा शब्द दिवसभर ऐकतं आणि एकाच अर्थाने ऐकतं. आत्यासुद्धा तो तसाच ऐकत होती. फक्त शाळेच्या खोलीत शिरताना ती तो अर्थ बाहेर चपलेसारखा काढून ठेवत होती. वच्छलाने तो काढून ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मजुरांची न्याहारी घेऊन आत्या शेतावर गेली. बांधावर वच्छला बसली होती, मांडीवर लहान भाऊ. आत्या तिच्या बाजूला उभी राहिली आणि तिने समोर पाहिलं. पाऊस भुरभुरत होता. बाया रांगेने वाकल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यापासून कंबरेपर्यंत पळसाच्या पानांचं इरलं. रुख्मा सगळ्यांच्या पुढे, बांधाकडे पाठ करून. इथून तिचं डोकं दिसत नव्हतं, मान दिसत नव्हती. दिसत होती ती पानांची गोल पाठ आणि खाली दोन हात, दोन पाय, चिखलात शिरून अर्ध्यावर संपलेले. तिच्या आजूबाजूला रोवलेल्या धानाच्या ओळी वाऱ्याने एका बाजूला झुकल्या होत्या.

वच्छलाने एकही रेघ मनाची काढली नव्हती.

आत्याला आनंद झाला आणि बांधावरून परत येईपर्यंत तो ओसरला. कारण तिला हिशेब येत होता. कासव असेल तर नवा कागद. पण हा तर माणूस निघाला! आणि माणूस आहे म्हटल्यावर त्याला गुण द्यावे लागणार. डोकं नाही, शून्य. मान नाही, शून्य. बोटं नाहीत, शून्य. पोरीची समज चार वर्षांच्या लेकराएवढी निघणार आणि गुरुजींना दिलेला शब्द तिच्यावर उलटणार. खरं बोललं तर वच्छला घरी. गप्प बसलं तर नवा कागद.

तिने ही गोष्ट केवळराम मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना, सांगितली. मामा पायांचा चिखल धूत होते.

“गुरुजी कासव म्हनतात ना?”

“हो.”

“नागपूरवाली बाई बी कासवच म्हनन?”

“पाहिलं तर तेच म्हणेल.”

“तं मंग कासव. तुले काय करा लागते? कासव कोनाचं काही बिघडवते का?”

“पन ते कासव नाही ना हो. तिची माय आहे.”

मामांनी तांब्या खाली ठेवला. “हे तं आहे,” ते म्हणाले आणि तांब्या उचलून दुसरा पाय धुऊ लागले.

आत्या सांगते की ते दोन-तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. नियम मोडायची तिला भीती नव्हती. बोचत होतं वेगळंच. त्या पोरीने शाळेत पहिल्यांदा काही सांगितलं होतं, पुरतं आणि बरोबर, आणि ते आपल्याला कळलं असताना ‘हे कासव आहे’ म्हणायचं. न बोलणाऱ्या पोरीशी असं वागलं तर ती पुन्हा कशाला बोलेल?

प्रेमिलाबाई दवनीवाड्याहून बैलगाडीने आल्या, छत्री उलटी झालेली, लुगड्याचा काठ चिखलाने भरलेला. चहा झाला. त्या एकेक कागद पाहत गेल्या आणि वच्छलाच्या कागदापाशी थांबल्या. “हे काय? कासव?”

“कासवच,” दुलीचंद गुरुजी म्हणाले. “नवा कागद देऊन टाका, बाई. खतम करा.”

“कासव नाही,” आत्या म्हणाली. “माणूस आहे. रोवणीतला.”

आणि तिने सगळं सांगितलं; बांधावरून काय दिसलं, तो शब्द इथे कसा वापरतात, सगळं. गुरुजी कपाळाला हात लावून ऐकत होते. ती बोलून थांबली तेव्हा त्यांना राहवलं नाही. “अहो, चांगलं कासव होतं! त्या पोरीचं काम होऊन राहिलं होतं. तुमी काऊन मानूस केला त्याचा?”

प्रेमिलाबाई मात्र कागद उचलून उजेडात धरून पाहत होत्या. “शामकलाबाई, हे तुम्ही पाहिलं. पण हे मुलीने सांगितलं का?”

“नाही. ती बोलत नाही.”

“मग अजून हे तुमचं मत आहे. माझ्या मते कासव, तुमच्या मते माणूस. ज्याने काढलं त्याला विचारू या.”

वच्छलाला बोलावलं. प्रेमिलाबाईंनी मऊ आवाजात विचारलं, “बाळ, हे काय आहे? मला सांगशील?” वच्छलाने अंगठा पाहिला. पुन्हा विचारलं. तेच. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

“तुम्ही विचारा,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “तिच्या बोलीत. पण कुठल्या भागाचं नाव घेऊ नका. बोट ठेवा फक्त.”

आत्या खाली टाटपट्टीवर बसली, पोरीच्या बरोबरीने. “वच्छे, हे काय काढली वो?”

 मग अंगठ्याकडे पाहतच वच्छला म्हणाली, “माय.”

दुलीचंद गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले. तीन वर्षांत त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता.

“माय काय करून राहिली?”

“रोवून राहिली.”

आत्याने तुटलेल्या दांड्यांवर बोट ठेवलं. “अना हे?”

“हात. गाऱ्यात गेले. पाय बी गाऱ्यात हायेत.” मग आत्याचं बोट न पाहता तिने स्वतःच आपलं बोट पानांच्या रेघांच्या टोकाशी ठेवलं. “तोंड हिकडं हाय. खाली. रोवतानी माय वर नाही पाहत.”

“काऊन वो?”

“वर पाह्यली का तुमची सासू बोंबलते.”

गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. प्रेमिलाबाईंनी चष्मा काढून पुसला. आत्याचे कान लाल झाले, पण हसू तिलाही आवरेना. आपण काय गमतीचं बोललो हे न कळून वच्छला सगळ्यांकडे पाहत होती. पायाकडे नाही, तोंडांकडे.

प्रेमिलाबाईंनी मुलीचं बोलणं कागदाच्या मागे उतरवून घेतलं, ‘गाऱ्यात’ म्हणजे काय ते विचारून. चिखलात. मग त्यांनी सूचनांचं पुस्तक उघडलं आणि ते कलम पुन्हा वाचलं. एकदा वाचलं, मग बोट ठेवून वाचलं.

“हा माणूस आहे, तेव्हा ‘दुसरं काही’ म्हणता येत नाही. पण मुलगी म्हणते हात-पाय चिखलात गेले. म्हणजे जे चिखलात आहे ते तिला माहीत आहे, फक्त कागदावर दिसत नाही. आकृती अर्धी आहे. ‘अर्धी आकृती असेल तर नवा कागद द्यावा.’” त्यांनी मान वर केली. “यात खोटं काही नाही ना, शामकलाबाई?”

“नाही.”

“वा!” दुलीचंद गुरुजी म्हणाले. “कीचड ने बचा लिया.”

पण काम संपलं नव्हतं. सूचना तीच वाचायची होती, तो शब्दही तोच होता, आणि श्रावणही तोच. ‘उभा माणूस’ म्हणायची मुभा नव्हती. आत्याने नवा कागद पुढे ठेवला आणि वाक्य वाचलं. ‘या कागदावर एका माणसाचे चित्र काढा.’ आवाज नेहमीसारखा ठेवायला तिला कष्ट पडले. वच्छलाने पेन्सिल घेतली, बांधाची आडवी रेघ ओढली, तीच, पहिल्या कागदावरच्यासारखी. आत्याने डोळे मिटून घेतले.

“बाई,” वच्छला म्हणाली. “कोनता मानूस?”

आत्याने प्रेमिलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. एवढं उत्तर पुस्तकात बसत होतं.

“तुह्या मनाले येईल तो.”

वच्छलाने थोडा विचार केला आणि बांधाच्या रेघेवर दोन पाय उभे केले. पायांना बोटं काढली, बोटांत जोडवी. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं. एक हात कंबरेवर, दुसरा उगारलेला, पाचही बोटं मोजून, त्यातलं एक पुढे रोखलेलं. गळा, गळ्यात पोत. कान, कानांत दागिने. डोळ्यांत बुबुळं आणि वर चढलेल्या भुवया. केसांची गाठ. शेवटी तोंड, चांगलं मोठं, उघडं, आणि आत दातांच्या दोन ओळी.

प्रेमिलाबाई गुण मांडू लागल्या. मांडता मांडता त्यांचा चेहरा उजळत गेला. दुलीचंद गुरुजी त्यांच्या खांद्यावरून वाकले आणि ओरडले, “अरे बाप! ये तो धुरपताबाई!”

खरंच त्याच होत्या. टोल्यावरच्या साऱ्या शेतात श्रावणभर डोक्यापासून पायापर्यंत पुरता दिसणारा माणूस एकच होता. जो बांधावर उभा राहून बाकीच्यांना वाकायला सांगतो तो. पोरीने तोही पुरता पाहिला होता. बेरीज झाली तेव्हा समज वयाच्या बरोबर निघाली, किंचित पुढेच.

चाचणीचे कागद कोणाला दाखवायचे नसतात, आणि प्रेमिलाबाईंनी दोन्ही कागद बरोबर नेले. पण गुरुजींच्या पोटात राहीना. संध्याकाळपर्यंत गोष्ट धुरपताबाईंच्या कानावर गेली. त्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात हजर.

“कोन काढली मले?”

 वच्छलाने हजेरीसारखा हात वर केला.

“दात किती काढली वो?”

“सगडे.”

“दोन पडले माहे. पुढच्या टायमाले पाहून काढजो,” असं म्हणून त्या शेताकडे निघून गेल्या. रुख्माला दिवसभर त्या काही बोलल्या नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोंबलू लागल्या.

पुढच्या वर्षी छापील सूचनांच्या खाली एक नवी ओळ आली: ‘चित्र झाल्यावर मुलाला त्याच्या बोलीत विचारावे आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहावे.’ आत्या आता सुट्टीत इतर गावांत चाचण्या घ्यायला जाते, प्रेमिलाबाई तिला आवर्जून बोलावतात. नवेगाव बांधच्या एका पोराने डोंग्यातला, म्हणजे लहान होडीतला माणूस काढला, कंबरेखाली काही नाही. चुन्नीलाल गुरुजींनी त्याला विचारून मागे लिहिलं होतं: ‘पाय डोंग्यात आहेत.’ बापाबद्दल एक अक्षर नाही.

पण वच्छलाच्या निकालाच्या दिवशीचं राहिलं. संध्याकाळी रुख्मा शेतावरून तशीच शाळेत आली, पाय पोटऱ्यांपर्यंत भरलेले. पायरीखालीच उभी राहिली.

“बाई, पोरगी पास झाली का जी?”

“या चाचणीत पास-नापास नसतं, रुख्माबाई.”

“मंग कायले घेतली?”

 दुलीचंद गुरुजी खोलीला कुलूप लावत होते. त्यांनी किल्ली खिशात टाकली.

“रुख्माबाई, वो सब छोडो. उद्या तिले पहिलीत नको पाठवू.”

रुख्माने पदर सारखा केला. “घरीच ठेवू का मंग?”

“अरे, घरी काऊन? दुसरीत पाठव. ते बाजूची खोली. माझ्या वर्गात.” आणि आत्याकडे वळून, थोडं पडतं घेऊन, “मी बी तिच्या बोलीत विचारून पाहीन म्हणतो. बोलली तं बोलली.”

रुख्मा एकदा त्या खोलीकडे, एकदा आत्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “बरं जी. लेकराले मी पाहतो,” आणि पोरीला हाक मारायला लगबगीने मागे वळली.